नंबर बघ, रंग नंतर

चि. ईशान,

अनेक आशीर्वाद.

जुन्या फेरारीला कुणी चार कोटी चौऱ्याऐंशी लाख डॉलर मोजले, यावर तू हसलास ते ठीक. आकडा माझ्याही पचनी पडत नाही. पण त्याखाली, तुझ्या साहेबांच्या मित्राने बांधून घेतलेल्या तशाच गाडीवरून, तू लिहिलंस, "तसाच पत्रा आणि तसंच इंजिन घेऊन कुणी हुबेहूब गाडी बांधली तर बिघडलं कुठे?" त्यावर मात्र मला बोलायचंय.

ही २५० जीटीओ १९६२ ते १९६४ या काळात बनली. तीन लिटर इंजिनाच्या मोजून ३६ गाड्या. जीटी गटात (म्हणजे रस्त्यावर चालणाऱ्या वेगवान गाड्यांच्या) शर्यतीला उतरायचं तर नियमाने शंभर गाड्या हव्या होत्या. ही नवी गाडी नाहीच, आमच्याच आधीच्या २५० जीटीची सुधारलेली आवृत्ती आहे, असं सांगून कंपनीचा मालक एन्झो फेरारीने वेळ मारून नेली आणि पुढची तीन वर्षं त्या गटाचं विजेतेपद सोडलं नाही. गिऱ्हाईकसुद्धा पारखून घ्यायचा. अमेरिकेत किंमत १८,००० डॉलर, पण खिशात पैसे आहेत म्हणून गाडी मिळेलच असं नाही. त्याचा होकार लागायचा.

दिसायला ती देखणी आहे, हे सांगायला आई कशाला हवी! पण आत डोकाव. गालिचा नाही, सीटवर साधं कापड, समोर मधोमध इंजिनाचे फेरे दाखवणारी मोठी तबकडी. वेग दाखवणारा काटा बहुतेक गाड्यांत नाहीच, कारण शर्यतीत तो बघायचाय कुणाला? गिअरच्या दांड्याखाली लोखंडी खाचांची उघडी जाळी. नाकावर इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची तीन भोकं, थंडीत झाकायची, उन्हाळ्यात उघडायची. सगळा पत्रा स्काल्येत्तीच्या कारखान्यात हाताने ठोकलेला, त्यामुळे कुठल्याही दोन गाड्या तंतोतंत सारख्या नाहीत. बांधणीत सगळंच काही अव्वल नव्हतं बरं का. मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा अख्खा आस आणि स्प्रिंगचे पाटे हा प्रकार तेव्हाच जुनाट झाला होता.

आता मालकांकडे वळते. तू वाचलास तो आकडा २०१८ च्या ऑगस्टमधल्या अमेरिकेतल्या माँटेरेच्या लिलावातला, चासी नंबर (म्हणजे सांगाड्यावरचा नंबर) ३४१३. ती आधी एदोआर्दो लुआल्दीकडे होती, मग जानी बुल्गारीकडे (हो, दागिनेवाल्या घराण्यातलाच), मग कोर्रादो फेर्लाइनोकडे. हा फेर्लाइनो पुढे नापोली फुटबॉल क्लबचा अध्यक्ष झाला आणि १९८४ मध्ये त्याने मॅराडोनाला आणलं. गंमत अशी, की १९६४ मध्ये या गाडीवरचा सगळा पत्रा काढून त्या वर्षीच्या नव्या धाटणीचा चढवला गेला. म्हणजे १९६२ चं रूप गेलं, तरी गाडी तीच राहिली. मग ती 'अस्सल' कशाने? सांगाड्यावर ठोकलेल्या नंबराने, आणि कुणाकडून कुणाकडे गेली याची साखळी कुठेही तुटलेली नाही म्हणून.

त्या साखळीत वाईटही असतं. ३८५१ नंबरच्या गाडीत १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधल्या माँतलेरीच्या ट्रॅकवर अपघातात आँरी ओरेयेचा जीव गेला. बर्फावरच्या स्कीइंगमधला १९४८ चा ऑलिंपिक विजेता. गाडी दुरुस्त झाली, विकली गेली आणि १९६५ मध्ये फाब्रित्सिओ व्हिओलातीने घेतली ती २०१० मध्ये तो वारेपर्यंत सोडलीच नाही. २०१४ मध्ये ती लिलावात आली तेव्हा ३ कोटी ८१ लाख डॉलरना गेली.

माझी सगळ्यांत लाडकी मात्र ३५८९. आधी इंग्लंडमध्ये पळाली, मग टेक्सासमधल्या एका संघमालकाने घेतली. शर्यतीचा सोस संपल्यावर त्याने ती व्हिक्टोरिया गावच्या हायस्कूलला देऊन टाकली! मोटार दुरुस्ती शिकणाऱ्या पोरांना उघडायला-जोडायला. सहा जोडकार्ब्युरेटर आणि बारा सिलिंडर असलेलं इंजिन, आणि त्यावर वाकलेली, तेलाने काळ्या झालेल्या हातांची पोरं. १९७२ मध्ये शाळेने ती ६,५०० डॉलरना विकली. ओहायोतल्या नव्या मालकाने ती ट्रेलरवर चढवून उघड्या शेतात ठेवली, तिथे तिने वर्षानुवर्षं पाऊस-बर्फ खाल्ला. लोकांना आज हे ऐकून हळहळ वाटते. मला नाही वाटत. साठच्या दशकाच्या शेवटी या गाड्या म्हणजे नुसत्या हरायला लागलेल्या जुन्या रेसगाड्या होत्या. इंजिन मागे असलेल्या नव्या गाड्या आल्या आणि मालकांनी शहाणपणाने यांना वाटेला लावलं. लिलावाच्या पुस्तिकेत प्रत्येक मालक द्रष्टा असतो. खरं तर ज्यांनी गाडी ठेवली त्यातल्या बऱ्याच जणांना ती फक्त चालवायला आवडत होती. पिंक फ्लॉइड या रॉक बँडचा ड्रमर निक मेसन सत्तरच्या दशकात घेतलेली त्याची जीटीओ रेसला नेतो. १९६२ मध्ये ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत तिसरी आलेली ती. किंमत कोटींत गेल्यावर बाकीच्यांच्या गाड्या मात्र कुलपात गेल्या, आणि हे मला शेतात सडण्यापेक्षा फार बरं वाटत नाही.

आता हुबेहूब गाडीचं. अशा प्रतिकृती हवेतून येत नाहीत. त्याच घराण्याची २५० जीटीई नावाची चार जणांची गाडी होती, साडेनऊशेच्या आसपास बनलेली. इंजिन त्याच जातीचं, म्हणून स्वस्ताईच्या काळात लोकांनी तिचा सांगाडा २० सेंटिमीटर कापून वर जीटीओचा पत्रा चढवला. म्हणजे एका गाडीच्या मालकांची नक्कल करायला दुसऱ्या गाडीचे खरे मालक पुसले. त्यांतही कुणीतरी मुलांना मागे बसवून हिंडलं असेलच ना? आता जीटीईलाच भाव आलाय, तेव्हा ती कापायला कुणी धजावत नाही.

तुझ्या साहेबांच्या मित्राने बांधून घेतलेली गाडी चालवायला मिळत असेल तर खुशाल चालव, आवाज तोच असेल. फक्त बॉनेट उघडून सांगाड्यावरचा नंबर टिपून घे आणि मला कळव. खाली कुठली गाडी गाडलीय ते शोधून काढू.

तुझी,
आई