लिफ्टिंग स्ट्रॅपबाबत सर्व सभासदांना सूचना

नमस्कार मंडळी. लातुरात ऊन तापायला लागलंय, तळहाताला घाम सुटतो, म्हणून बरेच जण स्ट्रॅप, म्हणजे मनगटाला अडकवून बारभोवती गुंडाळायची पट्टी, बांधू लागलेत. विकत घेताना सुती घ्या. नायलॉन टिकतं, पण घामानं सरकतं. डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) आणि रोइंग (वाकून बार पोटाकडे ओढणं) यांच्या जड सेटपुरतेच वापरा. हलके सेट मोकळ्या हातानं मारा, नाहीतर पकड कच्चीच राहते.

क्लीन अँड जर्कला (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर उचलायचा प्रकार) मात्र अजिबात बांधू नका! बार खांद्यावर घेताना तोल गेला तर हात पटकन सुटत नाही, मनगट मोडू शकतं. परवा एका पोराला तसं करताना पाहून माझ्या पोटात गोळा आला.

वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत स्ट्रॅप चालत नाहीत, हे स्पर्धकांनी आत्तापासून लक्षात ठेवा. शिलाई उसवलेली पट्टी लगेच बदला.

– प्रशिक्षक