बचत गटाची वही लिहिणाऱ्या ताईंना

ताई,

तुमच्यासमोर बसलं की मला रडूच येतं आणि बोलायचं राहून जातं, म्हणून लिहूनच टाकते, सगळ्यांना दिसेल असं लिहिते.

नवऱ्यासोबत घटस्फोटाचं निघालं तेव्हा अकरा वर्षं राहिलेल्या घरातून मला सासरच्यांनी सांगितलं, कपड्याची पेटी घे अन् जाय, घर आमचं हाय. मी पेटी भरून माहेरी निघालेच होते, मला खरंच वाटायचं की बाईचं घरात काही नसते. तुम्ही एकच विचारलं, "नमुना आठ पाह्यला काय तू?" दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत घराचा तो उतारा काढला तर त्यावर दोघांची नावं, कारण ते घरकुल होतं. गावातलं घर नवरा-बायको दोघांच्या नावानं लावायचा शासनाचा निर्णय २००३ चाच आहे हे पण मला तुमच्याकडूनच कळलं.

आणि मग तुमची वही. घरकुलाचे १ लाख २० हजार हप्त्या-हप्त्यानं आले पण तेवढ्यात घर कुठं पुरं होते, मी गटातून ४० हजार उचलले स्लॅबच्या लोह्यासाठी आणि नंतर २५ हजार दारं-खिडक्यांना, ते फेडले शिलाई मशीनवर आणि निंदण-वेचणीच्या मजुरीतून. तुम्ही प्रत्येक कर्जापुढं तारीख आणि कारण लिहून ठेवलं होतं. "लोहा", "दार". समोरचे म्हणत होते हिनं एक रुपया लावला नाही, अन् वही टेबलावर ठेवल्यावर कोणी काही बोललं नाही.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ते एसटीतलं तुमचं बोलणं. मी म्हटलं शेतातही अर्धं मागू का, तर तुम्ही म्हणाल्या, "सातबारा सासऱ्याच्या नावानं हाय, त्यावर तुह्यावालं काही लागत नाई, खोटी आशा नको ठेवू." त्या दिवसांत मला सगळे धीर देत होते, खरं तुम्ही बोलल्या. त्यामुळंच मी भलत्या मागण्यात दोन-चार वर्षं घालवली नाहीत.

दारव्ह्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीत तुम्हीच घेऊन गेल्या. बाईला कमाई कितीही असो वकील फुकट मिळते हे तिथं कळलं. वकील मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं की आपल्या कायद्यात घटस्फोटात घराचे सरळ दोन भाग होत नाहीत, जे ठरेल ते कागदावर पाहिजे आणि कोऱ्या स्टॅम्पवर सही करायची नाही. मंगळसूत्र, माहेरची भांडी, मशीन हे स्त्रीधन, ते माझंच, वाटणीत धरायचंच नाही. सोनं नवऱ्याच्या नावानं तारण पडलेलं होतं, ते सोडवून द्यायचं त्यानं मान्य केलं.

त्याच्या गाडीच्या कर्जावर मी जामीनदार होते हे तर मी विसरूनच गेले होते! तुम्ही आठवण केली नसती तर घटस्फोट होऊनही हप्ता थकला की फायनान्सवाले माझ्याच दारात आले असते, कारण आमच्या दोघांतल्या कागदानं त्यांचं जामीनपत्र सुटत नाही. दुसरा जामीनदार लावून घेईपर्यंत तुम्ही मला कोर्टात घटस्फोटाच्या दुसऱ्या सहीला जाऊ दिलं नाही.

वर्षभर वेगळं राहिल्याशिवाय राजीखुशीच्या घटस्फोटाचा अर्जच लागत नाही, आणि अर्जानंतर दुसऱ्या सहीपर्यंत सहा महिने. ते सहा महिने कोर्टाला माफ करता येतात असं मॅडम म्हणाल्या, पण आम्ही थांबलो. पहिलं बयान पेरणीच्या टायमाला झालं, दुसरं कापूस वेचणीत. त्या मधल्या दिवसांत लोक काय काय बोलले, तुम्ही त्यातलं एकही माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही, मला नंतर माझ्या जावेनं सांगितलं.

घरातल्या माझ्या हिश्शाचे १ लाख ४० हजार ठरले. मी खोली मागितली नाही, त्याच ओसरीतून रोज जायचं मला झेपलं नसतं. अर्धे आधी आणि अर्धे दुसऱ्या सहीच्या दिवशी, सहीच्या अगोदर. गटाचे ११ हजार राहिले होते ते त्यातूनच भरले, तुम्ही वहीत "निल" लिहिलं आणि वही माझ्याकडं फिरवून दाखवली.

त्या सगळ्या दिवसांच्या एसटीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. तुमच्या घरी तेव्हा तूर मळायची राहिली होती हे मला माहीत आहे. ताई, मी तुमचे उपकार मानते, मनापासून.

मंगळवारच्या मीटिंगला येते, बचतीचे दोनशे घेऊन. आणि नवी वही या वेळेस मी आणते.

तुमचीच,
गटातली लहान बहीण