गावठी गुलाब म्हणून नक्की काय देताय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नर्सरीत गावठी गुलाब मागितला की हाताला येईल ते रोप पिशवीत घालून देतात, हा अनुभव बऱ्याच जणांना आला असेल. तीन वर्षांपूर्वी मी असंच एक कलमी रोप आणलं, पहिल्याच उन्हाळ्यात खुंटावर, म्हणजे मुळं देणाऱ्या जंगली गुलाबावर, भरलेला चांगल्या जातीचा डोळा वाळला आणि खालून खुंट असा फोफावला की मी खुश, पण फुलं आली ती पांढरी, बारकी, घोसात. पानाच्या देठाच्या बुडाशी झालरीसारखी कातरलेली कड दिसली तेव्हा कळलं, हा मल्टिफ्लोरा नावाचा जंगली गुलाब, म्हणजे नुसता खुंट.

मला हवा होता तो एडवर्ड जातीचा गुलाब. आत्याच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला, गुलाबी, वाटीसारखं फूल, पाकळ्या पातळ आणि वास असा की देवघरात एक फूल ठेवलं तरी ओसरीवर कळतं. आपण त्याला गावठी म्हणतो पण मूळ हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाचं सांगतात, दमास्क, म्हणजे अत्तराचा गुलाब, आणि चिनी गुलाब यांचा संकर, म्हणून वास दमास्कचा आणि फुलं वर्षभर. खरा दमास्क आपल्याकडे मार्च-एप्रिलला फुलतो आणि मग वर्षभर नुसती पानं, खोडावर लहानमोठे काटे दाटीने असतात. गुलकंदाला हे दोन्ही चालतात, फुलवाल्याकडचे फवारलेले गुलाब मात्र कृपया वापरू नका.

अजून एक, एका देठावर सात पानं असलेली फांदी म्हणजे जंगली, खुंटाची, कापून टाका, असं सगळे सांगतात. मीही ऐकून आत्याकडून आणलेल्या झाडाच्या चांगल्या दोन फांद्या कापल्या, आणि ते झाड काडी लावून केलेलं होतं, त्याला खुंटच नव्हता! एडवर्डला सात पानंही येतात. पानं मोजू नका, फूट डोळा भरलेल्या जागेच्या खालून आलीय का ते माती बाजूला करून बघा, खालून असेल तरच काढा.

नर्सरीवाल्यांना विनंती की रोपाला जातीचं नाव आणि कलमी की काडीचं एवढी तरी चिठ्ठी लावा, दहा-वीस रुपये जास्त घ्या हवं तर. आणि ज्यांच्या जुन्या घरी हा गुलाब आहे त्यांनी पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड काड्या लावून ठेवाव्यात. आत्याचं घर या दिवाळीनंतर पाडणार आहेत, मी आठ काड्या लावल्यात, त्यातल्या पाच फुटल्यात.

आपली,
एक वाचक, सातारा