तालवादन चांगले, सक्ती नको

महोदय,

कर्मचाऱ्यांत संघभावना वाढावी म्हणून अनेक कंपन्या हल्ली सामूहिक तालवादनाची सत्रे भरवतात. या उपक्रमाची सरसकट थट्टा करणे मला योग्य वाटत नाही. त्यासाठी बहुधा पश्चिम आफ्रिकेतील जेंबे हे वाद्य निवडले जाते, याला कारण आहे: काठी लागत नाही, चामड्याच्या मध्यभागी तळहात मारला की खर्जातला आवाज निघतो, कडेला बोटे मारली की चढा, आणि एवढ्या दोन आघातांवर नवखा माणूसही थोड्याच वेळात ठेका धरू शकतो. शिवाय एकाने लय वाढवली की हळूहळू सगळ्यांचीच वाढत जाते. ती आवरायची तर शेजाऱ्याचे ऐकावेच लागते, आणि कार्यालयीन बैठकांत नेमके तेच होत नाही. (तिथे साहेबांचाही ताल चुकतो, ही आणखी एक जमेची बाजू.)

तथापि, बंद सभागृहात अनेक जेंबे एकदम वाजू लागले की आवाज ८५ डेसिबलची पातळी सहज ओलांडू शकतो, आणि अशा आवाजात दीर्घकाळ राहणे कानांना अपायकारक असते. म्हणून कानात घालायचे बोळे आयोजकांनीच पुरवावेत. ज्यांना अर्धशिशीचा त्रास आहे, जे श्रवणयंत्र वापरतात किंवा ज्यांचे मनगट दुखावलेले आहे, त्यांना कारण न विचारता बाहेर बसण्याची मुभा असावी. दटावून वाजवून घेतलेल्या तालातून कसली संघभावना येणार? सत्रही कामाच्या वेळेतच व्हावे, सुट्टीच्या दिवशी नव्हे. अपुरे मनुष्यबळ किंवा रखडलेली पगारवाढ यांविषयीच्या तक्रारींसाठी मात्र व्यवस्थापनाने स्वतंत्र बैठक बोलवावी.

आपला,
एक नियमित वाचक