न्यू जर्सीतल्या ज्येष्ठांनो, पाडचा फॉर्म भरा

संपादक महोदय,
आमच्या एडिसनमध्ये शेजारच्या काकू बीपीची गोळी ब्लेडने अर्धी करून घ्यायच्या, का तर महिना निघाला पाहिजे, आणि त्यांना माहितच नव्हतं की न्यू जर्सी राज्याची पाड (PAAD) नावाची औषधखर्चाला मदत करणारी योजना आहे, ६५ वर्षांपुढच्या आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या लोकांना त्यात जेनेरिक औषध ५ डॉलरला आणि ब्रँडेड ७ डॉलरला मिळतं. एनजेसेव्ह या ऑनलाइन फॉर्मवर अर्ज करता येतो, मुलासुनांनी बसून भरून द्या ना!

इन्सुलिनचं मात्र मला पटत नाही. २०२५ पासून इथे कायद्याने पेशंटने इन्सुलिनसाठी भरायच्या पैशाला महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा आली, पण ती राज्याच्या नियंत्रणातल्या विम्यालाच. बऱ्याच मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांच्या औषधपाण्याचा खर्च स्वतःच उचलतात, त्यांच्या प्लॅनला फेडरल कायदा लागतो आणि राज्याचा हात तिथे पोचतच नाही, म्हणजे एकाच बिल्डिंगमधले दोन डायबेटिक पेशंट, एकाला ३५ आणि दुसऱ्याला कितीही. हे वॉशिंग्टननेच बदलायला हवं. तोवर आपला प्लॅन असा, म्हणजे 'सेल्फ फंडेड', आहे का हे एचआरला आधी विचारून घ्या, फार्मसीच्या काउंटरवर कळून उपयोग नाही.

– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी