नोंदी रुग्ण करतो, त्या वाचणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दीर्घकालीन आजारांसाठी निघालेल्या मोबाइल ॲप्सविषयी वृत्तपत्रांतून जे लिहून येते, ते बहुधा मधुमेह आणि रक्तदाब यांच्यापाशीच थांबते. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्याच्या दाहाचे दोन आजार आयबीडी या एका नावाखाली ओळखले जातात आणि त्यांच्यासाठीही आता अशी बरीच ॲप्स उपलब्ध आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिसची जुनी रुग्ण या नात्याने मी त्यांतली काही वापरली आहेत. त्यांच्या कौतुकात आणि त्यांच्यावरच्या टीकेतही एक प्रश्न विचारायचा राहून जातो, असे मला वाटते, म्हणून हा पत्रप्रपंच.

हा आजार नोंदी ठेवण्याजोगा आहे, यात शंका नाही. तो कधी महिनोन्महिने शांत राहतो आणि कधी काही दिवसांतच उफाळून येतो. डॉक्टरांची भेट मात्र ठरलेल्या तारखेलाच होते आणि त्या दिवशी नेमके पोट ठीक असते. मधल्या काळात दिवसातून किती वेळा शौचास जावे लागले, रक्त किती वेळा दिसले, रात्री झोपेतून किती वेळा उठावे लागले, हे विचारले की आपण ‘बरं होतं तसं’ असे मोघम उत्तर देऊन मोकळे होतो. त्यात विसराळूपणाचा भाग थोडा आणि संकोचाचा जास्त असतो. ॲपपुढे हा संकोच वाटत नाही, हा मी त्याचा सर्वांत मोठा गुण मानते. दुसरा गुण आठवणीचा. लक्षणे नाहीशी झाली की आतड्याचा दाह आवरणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्या सुटू लागतात, आणि त्या सोडणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका कितीतरी वाढतो. प्रतिकारशक्ती दाबणारे ॲझाथायोप्रिन घेणाऱ्याला पांढऱ्या पेशी व यकृत यांच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात, इन्फ्लिक्सिमॅब या शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधाचा डोस साधारण दर आठ आठवड्यांनी येतो, मोठ्या आतड्याचा आजार सुरू होऊन आठ वर्षे झाली की कर्करोगाच्या शक्यतेसाठी ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करायची असते. एवढ्या तारखा माणसाने डोक्यात ठेवाव्यात, ही अपेक्षाच चुकीची आहे. सलग नोंदी केल्याबद्दल पडद्यावर रंगीत तारे उधळणारी ॲप्स या शेवटच्या तपासणीबद्दल मात्र सहसा गप्प असतात.

अडचण पुढे आहे. रुग्णाला जे जाणवते आणि आतड्यात जे चाललेले असते, त्यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही. पोट शांत असताना आतड्याच्या अस्तरावर दाह धुमसत असू शकतो, विशेषतः क्रोन्समध्ये; उलट दाह पूर्ण ओसरल्यावरही कळा आणि जुलाब चालू राहू शकतात. म्हणूनच २०२१ मध्ये सुधारून प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्राइड’ या आंतरराष्ट्रीय शिफारशींत लक्षणे कमी होणे हा उपचाराचा केवळ पहिला टप्पा धरला आहे. रक्तातील सीआरपी आणि मळातील कॅलप्रोटेक्टिन ही दाहदर्शक प्रथिने उतरणे हा त्यापुढचा टप्पा, आणि दुर्बिणीतून पाहिल्यावर अस्तर भरून आलेले दिसणे हे दूरचे उद्दिष्ट. क्रोन्सची तीव्रता मोजण्यासाठी १९८० पासून वापरात असलेल्या हार्वी-ब्रॅडशॉ निर्देशांकात पोटात गाठ हाताला लागते का, असाही एक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर डॉक्टरांच्या हातालाच देता येते. तेव्हा केवळ लक्षणांच्या बेरजेवर हिरवा दिवा दाखवणारे ॲप रुग्णाला उगाच निर्धास्त करू शकते. यावर निघालेला एक मार्ग मला आश्वासक वाटतो: मळाच्या नमुन्याची चाचणी रुग्णाने घरीच करायची आणि चाचणीपट्टी फोनच्या कॅमेऱ्याने वाचून कॅलप्रोटेक्टिनचा आकडा मिळवायचा. हा आकडा २५० मायक्रोग्रॅम प्रतिग्रॅमच्या वर गेला, तर दाह जागा असल्याची शक्यता सहसा धरली जाते. अशी चाचणी जोडलेले ॲप आणि नुसती रोजनिशी असलेले ॲप यांना एकाच मापाने तोलू नये.

या साधनांचा खरोखर उपयोग होतो का, याचे उत्तर संशोधनातून सरळ मिळत नाही. नेदरलँड्समध्ये ९०९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ‘मायआयबीडीकोच’ ही दूरस्थ देखरेखीची प्रणाली वापरणाऱ्यांच्या बाह्यरुग्ण विभागातल्या फेऱ्या वर्षभरात सरासरी २.३४ ऐवजी १.५५ झाल्या आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाणही घटले; उपचारांच्या दर्जाला रुग्णांनी दिलेले गुण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. डेन्मार्कमध्ये त्याआधी झालेल्या चाचणीत कोलायटिसच्या रुग्णांना आजार उफाळताच संकेतस्थळाच्या मदतीने मेसालामाइनचा डोस स्वतः वाढवायला शिकवले होते आणि त्या गटात उफाळा ७७ ऐवजी १८ दिवसांत आटोक्यात आला, असा मध्यांक निघाला. याउलट अमेरिकेत ३४८ रुग्णांना नियमित संदेश पाठवून लक्षणे विचारली गेली, तेव्हा आजाराची तीव्रता आणि जीवनमान यांत नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत सरस असे काही हाती लागले नाही. मी यातून काढलेला अर्थ असा, की नोंद केल्याने आतडे बरे होत नाही. नोंदीतल्या अमुक आकड्याला अमुक कृती, असे आधीच ठरलेले असले तर वेळ वाचतो आणि रुग्णालयाच्या फेऱ्याही वाचतात. शिवाय या तिन्ही ठिकाणी पडद्यामागे परिचारिका आणि डॉक्टर होते. आपण फोनवर सहज उतरवून घेतो त्या बहुतेक ॲप्समागे असे कोणीही नसते.

हा फरक सर्वांत जास्त भोवतो तो आणीबाणीत. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच आणि त्यासोबत ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर ताप किंवा मिनिटाला ९० च्या वर नाडी, ही तीव्र कोलायटिसची खूण १९५५ पासून ट्रुलव्ह आणि विट्स या डॉक्टरांच्या निकषांत नोंदलेली आहे. अशा रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात जावे लागते. मध्यरात्री त्याने हे आकडे भरले आणि ॲपने ‘नोंद जतन झाली’ एवढेच म्हटले, तर त्याला वाटते की आपण कोणाला तरी कळवले. प्रत्यक्षात ते कोणालाच कळलेले नसते. भरलेली नोंद कोणी पाहणार नसेल, तर तसे पहिल्याच पडद्यावर ठळकपणे सांगण्याची सक्ती असायला हवी.

आहाराच्या रोजनिशीबद्दल थोडेसेच लिहिते. रोज डझनभर पदार्थ आणि डझनभर लक्षणे टिपली, तर त्यांत योगायोगाने जुळणाऱ्या जोड्या निघतातच; ॲप त्यांचा सुबक आलेख काढते आणि रुग्ण एकेक पदार्थ सोडत जातो. ज्या आजारात वजन आधीच घटते आणि रक्त कमी होते, त्यात हे घातक आहे. आतड्याची अतिसंवेदनशीलता, म्हणजे आयबीएस, हा दाह नसलेला निराळा विकार. त्यासाठीची ॲप्सही नावाच्या साधर्म्यामुळे शोधात शेजारीच दिसतात आणि त्यांतला आहाराचा सल्ला आयबीडीचे रुग्ण स्वतःला लावून घेतात.

माहितीच्या गोपनीयतेचा प्रश्नही काल्पनिक नाही. औषधांच्या सवलतींसाठी लोकप्रिय असलेल्या ‘गुडआरएक्स’ने वापरकर्त्यांची आरोग्यविषयक माहिती जाहिरात कंपन्यांना दिल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने २०२३ मध्ये केला आणि १५ लाख डॉलरचा दंड त्या प्रकरणी ठरला. शौचाच्या नोंदींहून खाजगी माहिती क्वचितच कोणती असेल.

पोटरोगतज्ज्ञांना माझी विनंती अशी, की रुग्णाला ॲप सुचवताना, औषधाचा डोस लिहून देतात तशाच, तीन गोष्टी लिहून द्याव्यात: नोंदी कोण आणि किती दिवसांनी पाहणार, कोणत्या आकड्याला रुग्णाने स्वतः काय करायचे, आणि कोणत्या खुणा दिसताच ॲप बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचे. आपल्या वृत्तपत्राला विनंती एवढीच, की आरोग्यविषयक ॲपची बातमी देताना ते किती जणांनी उतरवून घेतले यासोबत, त्यात भरलेल्या नोंदी वाचायला पलीकडे कोण बसलेले आहे, हेही बातमीदाराने निर्मात्यांना विचारून छापावे.

आपली विश्वासू,
एक वाचक