पहिलीला शिकवायला मास्टर्स कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या भाचीने मागच्या महिन्यात घरात सांगितलं की तिला प्राथमिक शिक्षणात मास्टर्स करायचंय आणि पुढे पहिली-दुसरीच्या मुलांनाच शिकवायचंय. ग्रॅज्युएशनला चांगले मार्क आहेत तिला. दोन मिनिटं कोणी काही बोललंच नाही, मग तिचे काका म्हणाले, "अगं पहिलीला शिकवायला मास्टर्स कशाला, अ आ इ ई तर कोणालाही येतं." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तिने माझ्याकडे बघितलं, मी थोडंफार बोलले पण जेवढं बोलायला हवं होतं तेवढं नाही बोलले. ते मनात राहिलंय म्हणून हे पत्र लिहितेय.

मी १४ वर्षं प्राथमिकला आहे, बहुतेक वेळ पहिली नाहीतर दुसरी. मास्टर्स केलं ते नोकरीला ८ वर्षं झाल्यावर, शाळा सांभाळून, त्यामुळे आधी मी कशी शिकवायचे आणि नंतर कशी शिकवायला लागले हे दोन्ही मला नीट माहितीये.

एकच उदाहरण सांगते. दुसरीत एक मुलगी होती, पंचवीस लिही म्हटलं की ५२ लिहायची, बत्तीस म्हटलं की २३. मी लाल पेनाने चूक करायचे आणि वीस वेळा लिहून आण म्हणायचे, ती बिचारी आणायची, आणि पुढच्या आठवड्यात परत तेच. प्रगतीपुस्तकात मी लिहिलं होतं "लक्ष देत नाही". मग मास्टर्सला आम्हाला एक काम दिलं होतं, एका मुलाबरोबर अर्धा तास बसायचं, एकही चूक दुरुस्त करायची नाही, फक्त विचारायचं "हे कसं केलंस?" मी तिलाच घेऊन बसले. ती म्हणाली, "बाई, आधी पाच ऐकू येतं ना." पंच आधी, वीस नंतर! ती पोरगी माझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकत होती आणि मी तिला दोन महिने शिक्षा करत होते. आपल्याकडे एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो, त्यात एकोणतीस म्हणजे तर तीस ऐकू येतं आणि लिहायचं २९. जर्मन भाषेतही पंचवीस म्हणताना पाच आधी येतो आणि तिथल्या मुलांच्या नेमक्या अशाच चुकांवर संशोधन झालंय, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या घेऊन, बोलायचं एका बाजूने आणि मांडायचं दुसऱ्या बाजूने असं खेळत खेळत तीन आठवड्यांत तिचं सुटलं.

वाचनाचंही तसंच. दिवस लिहिताना पहिली वेलांटी द च्या आधी काढायची आणि बोलायची मात्र द च्या नंतर, मोठ्यांच्या हे डोक्यातही येत नाही कारण आपण ते कधीच विसरून गेलोय. सहा वर्षांच्या मुलाला ते विचित्रच वाटणार. र तर किती रूपं घेतो बघा, सूर्य, चक्र, ट्रक, सगळीकडे वेगळा दिसतो. "कोणालाही येतं" हे बरोबर आहे, वाचता कोणालाही येतं, पण न येणाऱ्याला काय अडतंय ते दिसणं ही वेगळी विद्या आहे आणि ती शिकावी लागते. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ ली शुल्मन यांनी १९८६ मध्ये या ज्ञानाला वेगळं नाव दिलं. साध्या भाषेत सांगायचं तर, विषय माहीत असणं एक आणि तो विषय शिकताना मूल कुठे अडखळेल हे माहीत असणं दुसरं.

फिनलंडने हे फार आधी ओळखलं. तिथे १९७९ पासून पहिली ते सहावीच्या वर्गशिक्षकालाही मास्टर्स लागतं, पदवी आणि मास्टर्स मिळून ५ वर्षं, स्वतः केलेल्या संशोधनाचा प्रबंध, आणि सरावासाठी विद्यापीठांच्या स्वतःच्या शाळा आहेत जिथे अनुभवी शिक्षक तुमचा तास बघतात आणि नंतर तुमच्याशी बोलतात. मला यातलं सगळ्यात मोलाचं ते शेवटचं वाटतं. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात बरीच वर्षं वेगळी पद्धत होती, पदवीवर सुरुवात करता यायची पण पुढचं प्रमाणपत्र हवं तर साधारण ५ वर्षांत मास्टर्स पूर्ण करावं लागायचं.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर भाचीला मी अर्धवट सल्ला दिल्यासारखं होईल. नुसत्या डिग्रीने शिकवणं सुधारत नाही. अमेरिकेत यावर भरपूर अभ्यास झालेत आणि बहुतेकांत मास्टर्स असलेल्या आणि नसलेल्या शिक्षकांच्या मुलांच्या निकालात फारसा फरक सापडलेला नाही. लिपिंग मा या संशोधिकेचं १९९९ मधलं काम तर प्रत्येक प्राथमिक शिक्षकाने समजून घ्यावं असं आहे. तिने अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना पावणेदोन भागिले अर्धा हे गणित दिलं आणि हेच गणित ज्यातून निघेल अशी मुलांसाठी एक गोष्ट तयार करा म्हटलं. चीनच्या सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं आणि बहुतेकांना गोष्टही जमली, अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त जणांचं गणितच सुटलं नाही, आणि बरोबर गोष्ट जवळजवळ कोणालाच जमली नाही. शिक्षणाची वर्षं मोजली तर अमेरिकेतले पुढे होते, त्यातले काही तर तेव्हा मास्टर्स पूर्ण करत होते. चीनचे शिक्षक मात्र शाळेत नेहमी एकमेकांबरोबर बसून पाठावर चर्चा करायचे, पुस्तकातलं एकेक गणित उलगडायचे. (हे वाचून मी स्वतः ते गणित सोडवलं, उत्तर साडेतीन आलं, पण गोष्ट तयार करायला मला वीस मिनिटं लागली.)

माझ्या मास्टर्समध्येही दोन विषय असे होते की नोट्स पाठ केल्या, पेपर लिहिले आणि विसरले, शालेय व्यवस्थापन का काहीतरी, एका सरांनी तर पूर्ण सेमिस्टर नुसतं डिक्टेशन दिलं. राग येतो आठवलं की, कारण आम्ही शाळा संपवून दमून तिथे पोचायचो, घरी लहान मुलं ठेवून यायचो. पण मुलांबरोबर बसून करायचं जे काम होतं आणि प्रबंधासाठी माझ्याच वर्गातल्या ११ मुलांच्या वाचनाच्या वर्षभर नोंदी ठेवल्या, तेवढ्याने माझं शिकवणं बदललं.

म्हणून भाचीला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना सांगते, मास्टर्स कर, पण कुठलं ते बघून कर. आधी जिथे नोकरी करायचीये तिथला नियम वाच, कारण काही ठिकाणी मास्टर्स हीच प्रवेशाची अट असते तर काही ठिकाणी प्राथमिक शिक्षकाची वेगळी पदविका लागते आणि मास्टर्स असलं तरी तिची जागा भरून निघत नाही. काही मास्टर्स नव्याने शिक्षक होणाऱ्यांसाठी असतात आणि काही आधीच शिकवणाऱ्यांसाठी, नाव सारखं दिसतं आणि मग दोन वर्षं गेल्यावर कळतं की याने वर्गात उभं राहायची पात्रता येतच नाही. कॉलेजला सरळ विचार की प्रत्यक्ष वर्गात किती आठवडे, तुझा तास कोण बघणार, बघणाऱ्याने स्वतः कधी पहिलीला शिकवलंय का, वाचायला शिकवणं हा स्वतंत्र विषय आहे का. उत्तर गोलगोल मिळालं तर दुसरीकडे बघ. आणि फक्त पगारवाढीसाठी, घरबसल्या, एकही मूल न बघता मिळणारी डिग्री असेल तर त्यापेक्षा एखाद्या चांगल्या बाईंच्या वर्गात मागे बसून वर्षभर बघितलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरच्यांना एवढंच विचारते, मोठ्या मुलांना शिकवायला जास्त शिक्षण लागतं आणि लहानांना कमी, हे कोणी ठरवलं? कॉलेजच्या मुलाला प्राध्यापकाचं नाही कळलं तर तो पुस्तक उघडेल, मोबाईलवर बघेल, मित्राला विचारेल. सहा वर्षांच्या मुलाला बाईंचं नाही कळलं तर त्याच्याकडे दुसरा मार्गच नसतो, तो गप्प बसतो आणि आपल्याला येत नाही असं समजून चालतो.

संपादक साहेब, तुमच्याकडे एक विनंती आहे. दरवर्षी ॲडमिशनच्या दिवसांत शिक्षणाच्या पुरवणीत कोर्सची माहिती येते, त्यात फी, जागा, शेवटची तारीख एवढंच असतं. शिक्षकांच्या प्रत्येक कोर्सपुढे आणखी एक रकाना टाका, प्रत्यक्ष वर्गात सराव किती आठवडे. माझ्या भाचीने तीन कॉलेजांना फोन केले, दोघांना हे सांगता आलं नाही.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका